घरी मरण्याचा हक्क एकट्यांनाही आहे

एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांविषयी सध्या एक मत फार ठामपणे मांडले जाते. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मेळाव्यात ते व्यासपीठावरून ऐकू येते, सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकू येते आणि परदेशातून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या मुलांच्या तोंडूनही ऐकू येते. सत्तरी-पंचाहत्तरीनंतर माणसाने एकटे राहू नये. मुलाकडे जावे, नाहीतर वृद्धाश्रमात नाव घालावे. घरात एकटे राहून एकटे मरणे हा त्या माणसाचा हट्ट, मुलांना बट्टा आणि शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप. असे बोलणारी माणसे बहुतेक वेळा मनाने चांगली असतात, काळजीपोटीच बोलतात. तरीही हे मत चुकीचे आहे. त्यापायी म्हाताऱ्या माणसांचे प्रत्यक्ष नुकसान होते, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. मी स्वतः पंचाहत्तरीला टेकले आहे आणि पती गेल्यापासून एकटी राहते. हा विषय माझ्यासाठी नुसत्या चर्चेचा नाही.

या मताच्या पुष्ट्यर्थ हमखास एक उदाहरण दिले जाते. ऑगस्ट 2017 मध्ये मुंबईत ओशिवऱ्याच्या एका उंच इमारतीत, अमेरिकेहून आलेल्या मुलाला बंद घरात आईचा सांगाडा सापडला. तिच्याशी त्याचे शेवटचे बोलणे एप्रिल 2016 मध्ये झाले होते. ती बातमी वाचून राज्यातल्या प्रत्येक एकट्या बाईच्या पोटात खड्डा पडला असेल. माझ्याही पडला. पण त्याच बातमीतला एक तपशील लोक सोयीने विसरतात. आपल्याला एकटे राहवत नाही, वृद्धाश्रमात जायचे आहे, असे तिने त्या शेवटच्या फोनवर मुलाला सांगितले होते, हे तेव्हाच छापून आले होते. म्हणजे ती स्वतःच्या मर्जीने एकटी राहत नव्हती. तिने जे मागितले ते तिला कोणी दिले नाही. तिचे उदाहरण देऊन दुसऱ्या कुणाला त्याच्या मर्जीविरुद्ध घरातून हलवायचे, म्हणजे तिचे म्हणणे दुसऱ्यांदा न ऐकणे आहे. म्हाताऱ्या माणसाला काय हवे ते त्याला विचारा आणि ते त्याला द्या, एवढेच ती घटना शिकवते.

दुसरा दाखला जपानचा असतो. तिथे म्हातारी माणसे एकेकटी मरतात आणि महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही, असे सांगून श्रोत्यांना घाबरवले जाते. आकडे खरे आहेत. जपानच्या पोलिसांनी 2024 च्या पहिल्या सहा महिन्यांत एकट्या राहणाऱ्या 37,227 माणसांचे घरी झालेले मृत्यू नोंदवले. पण त्याच नोंदीनुसार त्यांतली सुमारे 40 टक्के माणसे एका दिवसाच्या आत सापडली. महिन्याहून अधिक काळ कुणाला न कळलेली माणसे चार हजारांच्या आत होती आणि वर्षभर न कळलेली 130. या 130 माणसांचे दुःख मी कमी लेखत नाही. पण सकाळी दार वाजवणाऱ्या मदतनीस बाईला आदल्या संध्याकाळी गेलेला माणूस सापडणे आणि वर्षभर कुणालाच न सापडणे, या दोन गोष्टी एका आकड्यात कोंबून भीती विकणे हा अप्रामाणिकपणा आहे. त्याच देशात एप्रिल 2000 पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येक जण त्याचा हप्ता भरतो आणि गरज पडली की मदतनीस व परिचारिका घरी येतात. याच जपानमधल्या समाजशास्त्रज्ञ चिझुको उएनो यांनी एकटीच्या म्हातारपणावर 2007 साली लिहिलेले पुस्तक तिथे तडाखेबंद खपले. व्यवस्था असेल तर एकटे माणूस आपल्या घरात नीट जगू आणि मरू शकते, असे त्या वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. आपले वक्ते जपानचे सांगाडे सांगतात, जपानचा विमा सांगत नाहीत.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. ‘शेवटच्या क्षणी जवळ कोणी नसणे’ याचे भय आपल्याकडे फार खोल आहे. तोंडात गंगाजल कोण घालणार, तुळशीपत्र कोण ठेवणार? ही चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नाही, माझ्या मनातही ती येते. पण जे लोक ही चिंता बोलून दाखवतात तेच आपल्या आईवडिलांना कुठे मरू देतात ते बघा. अतिदक्षता विभागात. तिथे नातेवाइकांना सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ आत सोडतात, तेही एकेकाला. बाकी सगळा वेळ मुले, सुना, नातवंडे बाहेरच्या खुर्च्यांवर आणि आत तो माणूस एकटा. नळ्या ओढू नयेत म्हणून हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले. घशात नळी असल्याने बोलता येत नाही. दिवा रात्रंदिवस चालू, त्यामुळे रात्र केव्हा झाली ते कळत नाही. माझ्या दिरांनी असे दोन आठवड्यांहून अधिक काढले. ते बरे होणार नाहीत हे पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांनी सांगितले होते. तरीही ‘आपल्याकडून काही कमी राहिले असे नको’ म्हणून सगळे चालू राहिले. ते पहाटे गेले. तेव्हा त्यांची मुले एका भिंतीपलीकडे खुर्चीत डुलक्या घेत होती. एकट्याने मरणे यालाच म्हणायचे नसेल, तर मग कशाला म्हणायचे?

ज्याला बरे होण्याची शक्यता आहे त्याला अतिदक्षता विभागात न्यावेच. न्यूमोनिया झाला, हृदयविकाराचा झटका आला, तर मलाही न्या, माझी तक्रार नाही. माझे म्हणणे त्या माणसांविषयी आहे ज्यांचा आजार आता उलटणार नाही, हे डॉक्टरांना माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे आणि त्या माणसालाही माहीत आहे. अशा माणसाला घरी न्यायचे म्हटले की आपल्याकडे काय होते? ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत’ अशा कागदावर नातेवाइकांची सही घेतात. ती सही झाली की रुग्णालयाचे हात मोकळे. वेदनेचे औषध मिळत नाही, घरी कोण डॉक्टर येईल याचा पत्ता मिळत नाही, श्वास लागला तर काय करायचे हे कुणी समजावत नाही. मग तो माणूस घरी तळमळत जातो आणि बघणारे म्हणतात, ‘बघा, घरी ठेवलं म्हणून हाल झाले.’ हाल घरामुळे होत नाहीत. रुग्णालय आणि घर यांच्या मधला सगळा रस्ता आपण बांधलाच नाही, त्यामुळे होतात.

माझी आत्या साताऱ्यात एकटी राहत असे. लग्न केले नव्हते, शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. ऐंशीच्या पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तेव्हा तिने शस्त्रक्रियेला नकार दिला आणि घरातच राहणार असे सांगितले. भाऊबंदांत गदारोळ झाला. तिचे फॅमिली डॉक्टर मात्र उभे राहिले. आठवड्यातून दोनदा दवाखाना आटोपून स्कूटरवर यायचे. एक बाई दिवसरात्र सोबतीला ठेवली. शेजारची मुले अंगणातून हाक मारून जायची. अडले ते एकाच ठिकाणी, वेदनेच्या गोळीपाशी. मॉर्फिन गावात कुठे मिळेना, ते आणायला दर वेळी कुणाला तरी पुण्याला जावे लागायचे आणि एक-दोन वेळा गोळ्या संपून ती रात्रभर कण्हत राहिली. त्या रात्रींचा राग माझ्या मनात अजून आहे. गोळ्या आल्या की ती शांत व्हायची, माणसांशी बोलायची, जुन्या विद्यार्थ्यांची चौकशी करायची. एका सकाळी सोबतीची बाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली तेवढ्यात ती गेली. दहाव्याला एका काकांनी सुस्कारा टाकला, ‘शेवटी जवळ कोणी नव्हतं गं.’ त्यांचे हे बोलणे मला मुळीच पटले नाही. जिच्या घरात चहाचे आधण ठेवलेले होते, जिला वेदना नव्हत्या, जी आपल्या पलंगावर होती, तिच्याजवळ कोणी नव्हते असे कसे म्हणता येईल? भरल्या घरातसुद्धा माणसे रात्री तीन वाजता सगळे झोपेत असताना जातात.

त्या गोळीविषयी जरा सांगायला हवे, कारण घरी मरण्याचा प्रश्न निम्मा तिथेच अडतो. मॉर्फिन स्वस्त आहे आणि कर्करोगाच्या वेदनेवर त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे परवान्यांचे इतके जंजाळ झाले की औषधांची दुकाने आणि रुग्णालये ते ठेवायलाच धजेनात. 2014 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही वाट सोपी केली. तरीही मोठी शहरे सोडली तर ते आजही सहज हाती लागत नाही, कारण ते लिहून देण्याची सवय आणि शिक्षण असलेले डॉक्टर कमी आणि मागणारे नातेवाईक त्याहून कमी. ‘सवय लागेल’ अशी भीती मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून घातली जाते. काही आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाला कसली सवय लागणार आहे?

काही जण कायद्याची भीती घालतात. ‘उपचार थांबवण्याचा हक्क दिला की इस्टेटीसाठी म्हाताऱ्यांना मारतील.’ हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून कायदा नेमके काय म्हणतो ते पाहू. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, वैध ठरवले. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ते इच्छापत्र अमलात आणायचे तर आधी उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांच्या मंडळाने आणि मग दुसऱ्या मंडळाने संमती द्यावी लागते. या दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. हे सगळे फक्त बरा होण्याची आशा नसलेल्या आणि स्वतः निर्णय सांगू न शकणाऱ्या रुग्णासाठी. इस्टेटीचा लोभ असलेल्या पुतण्याला एवढ्या डॉक्टरांना ओलांडून जायचे आहे. उलट कागद नसतो तेव्हाच लोभाला आणि अपराधी मनाला मोकळे रान मिळते. रुग्णाला काय हवे होते यावर चार नातेवाईक चार बाजूंनी भांडतात. एकट्या माणसाला तर हा कागद सगळ्यांत जास्त गरजेचा, कारण त्याच्या वतीने बोलायला पलंगाशेजारी कोणी नसते. कागद नसेल तर रुग्णालय नळी घालणारच.

अरुणा शानबाग यांचे नाव या वादात नेहमी येते. 27 नोव्हेंबर 1973 च्या अत्याचारानंतर त्या केईएम रुग्णालयात 18 मे 2015 पर्यंत अचेतन अवस्थेत जगल्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना मायेने सांभाळले. त्या परिचारिकांपुढे मी हात जोडते. पण अरुणा यांच्यासाठी काय योग्य हे इतरांनी ठरवले, न्यायालयात इतरांनी मांडले, 2011 चा निकालही इतरांच्या म्हणण्यावर लागला. त्यांचे स्वतःचे म्हणणे कुणाला कधीच कळू शकले नाही. आपले म्हणणे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याची सोय आज आपल्याला आहे, ती त्यांना नव्हती. आणि एक गोष्ट स्पष्ट करते: मुंबईतल्या लवाटे दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून जी मागणी केली होती, म्हणजे निरोगी असतानाच जीवन संपवण्याची परवानगी, ती मी मागत नाही. तो वेगळा प्रश्न आहे. मी फक्त एवढेच म्हणते, की मरण आपल्या पायांनी येत असेल तर त्याला माझ्या घराच्या दारात अडवून रुग्णालयाच्या दाराने आणू नका.

‘ही आपली संस्कृती नव्हे’ हा आक्षेप मला सगळ्यांत पोकळ वाटतो. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांची सेवा होत असे, खरे आहे. ती कोण करत असे? सुना. रात्री उठून लघवीचे भांडे कोणी दिले, अंथरुणे कोणी धुतली, स्वतःच्या नोकऱ्या आणि शिक्षण कोणी सोडले, याचा हिशेब त्या गौरवात कुठेच येत नाही. आणि विधवा आत्या-मावश्या माजघराच्या कोपऱ्यात कशा जगल्या तेही आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. आज मुलाकडे जाणे म्हणजे काय असते? चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे, पिशवीत औषधे घेऊन. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात, बाहेरून कुलूप, आणि आजी अनोळखी शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्रीपर्यंत टीव्हीसमोर. जिथे चाळीस वर्षे काढली त्या गल्लीतला भाजीवाला, देऊळ, वाचनालय, नाव घेऊन हाक मारणारी माणसे, सगळे सुटलेले. याला सोबत म्हणतात आणि माझ्या घरातल्या माझ्या दिवसाला एकटेपण. मुलांवर माझा राग नाही. त्यांनी त्यांचे आयुष्य सोडून यावे असे मला मुळीच वाटत नाही. पण त्यांच्या मनाच्या समाधानासाठी मी माझे घर सोडावे, हेही मला मान्य नाही.

एकटे राहण्यात धोके आहेत. माणूस पडते, खुब्याचे हाड मोडते, गॅस चालू राहतो. स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्याला गेला असेल तर पूर्ण वेळ माणूस सोबत असल्याशिवाय एकटे ठेवूच नये, यावर माझे दुमत नाही. पण हे धोके कमी करता येतात: न्हाणीघरात धरायला दांडा, शेजाऱ्याकडे किल्ली, सकाळी ठरल्या वेळी एक फोन. सोसायट्यांनी एकट्या सभासदाच्या मुलांना ‘आईला घेऊन जा’ अशी पत्रे लिहिण्यापेक्षा ही कामे करावीत.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि तोच सगळ्यांत बळकट आहे. ‘तुम्हाला पेन्शन आहे म्हणून हे बोलता. बाकीच्यांनी काय करावे?’ बरोबर आहे. ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवायची तर शहरात महिन्याला वीस-पंचवीस हजार सहज जातात. केंद्र सरकारचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला महिना 200 रुपये आहे, ऐंशीनंतर 500. राज्याची भर धरली तरी ते दीड हजारांच्या आसपास थांबते. त्याच वेळी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत केले आहेत, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी येणाऱ्या परिचारिकेला त्यातून एक रुपया मिळत नाही. म्हणजे गरीब माणसाला घरी मरणे परवडत नाही ते घर महाग आहे म्हणून नव्हे. सरकार फक्त रुग्णालयातल्या खाटेचे पैसे देते म्हणून.

आणि हे दुसऱ्या पद्धतीने करता येते, आपल्याच देशात. कोझिकोडला 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीचे काम सुरू केले. पुढे शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी आठवड्यातले दोन तास देऊन खाटेवरच्या रुग्णांना भेटायचे, अशी पद्धत तिथे रुजली. 2008 मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरण केले. आज तिथल्या पंचायतींमार्फत परिचारिका घरोघरी जातात, जखमा धुतात, नळी बदलतात, मॉर्फिन पोचवतात. केरळ हे काही श्रीमंतांचे राज्य नाही. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत साठीपुढची लोकसंख्या जवळपास दहा टक्के होती, आता ती आणखी वाढली आहे. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले तेव्हा देशातले असे पहिले केंद्र आपल्याकडे होते. पहिले पाऊल टाकणारे राज्य नंतर तिथेच उभे राहिले, याची मला लाज वाटते.

शेवटचे भय पोलिसांचे. एकटे माणूस घरी गेले की पंचनामा, शवविच्छेदन, चौकशी, म्हणून लोक मरणाच्या दारातल्या माणसालाही घाईघाईने दवाखान्यात नेतात. पोलिसांचा संबंध संशयास्पद मृत्यूशी येतो. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला विनामूल्य द्यावा, असे जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच लिहिलेले आहे, आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी वेगळा नमुनाही आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा त्या माणसाला वर्षभरात कोणत्याच डॉक्टरने पाहिलेले नसते. म्हणून एकट्या माणसाला घराच्या चावीइतकाच ओळखीचा डॉक्टर लागतो. तोच आपल्या शहरांतून नाहीसा होत चालला आहे, ही मला खरी आपत्ती वाटते.

गोव्यात 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र नोंदवले. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी ही इच्छापत्रे जपून ठेवायला महापालिकांनी अधिकारी नेमावेत म्हणून न्यायालयात दाद मागितली. ही माणसे पुढे झाली आहेत, आता आपली पाळी आहे. आमदारांना माझे मागणे आहे की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात घरी जाणारी एक परिचारिका आणि मॉर्फिनचा साठा द्या. आणि तुम्ही एकटे राहत असाल, तर या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जा, त्यांना सरळ विचारा: ‘मला घरीच राहायचं आहे. शेवटी तुम्ही घरी याल का, आणि दाखला द्याल का?’ ते नाही म्हणाले, तर हो म्हणणारा डॉक्टर आत्ताच शोधा.